कोपऱ्यातल्या बाईचा आकडा

मी मीटर बोलतोय. विजेचा नाही, रिक्षाचाही नाही. त्या दोघांना निदान शिव्या तरी मिळतात. लोक त्यांच्याकडे डोळे वटारून बघतात, त्यांच्यावरून भांडतात. माझ्यावरून भांडायलासुद्धा आता कोणी नाही. मी रक्त तपासणारा मीटर आहे, आणि सध्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. खोक्यावर 'निकामी' असं लिहिलंय. अक्षर मात्र सुरेख आहे.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. माणूस जबर जखमी झाला, आत कुठेतरी रक्त वाहू लागलं, की शरीराला प्राणवायू पुरत नाही. मग स्नायू कसंबसं काम रेटतात आणि त्यातून रक्तात एक आम्ल साठत जातं. त्याला लॅक्टेट म्हणतात. बोटावरचा रक्ताचा एक थेंब माझ्या पट्टीला लावला, की माझ्या काचेवर आकडा उमटतो. दोनच्या आत असेल तर ठीक. चारच्या वर गेला तर सावध व्हायचं. त्याच्याही वर जसजसा जाईल तसतशी आत मोठी मोडतोड आहे असं समजायचं. माणूस नीट बोलत असला, रक्तदाब बरा असला, तरी समजायचं.

थोडक्यात, जखमी माणसाचं पुढे काय होऊ शकतं याची मी आगाऊ सूचना देतो. भविष्य नाही सांगत. भविष्य सांगणाऱ्यांचं बरं चालतं, त्यांच्या दारात रांगा असतात.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं फार आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे घातलेली बोटं आणि बाटलीतला एक द्रव, जो कोणाचंच रक्त नव्हता. तो चाखवून माझी परीक्षा घेतली गेली. पास झालो आणि खोक्यात गेलो.

खोकं उघडलं ते नागपूरच्या एका सभागृहात. एक वयस्क डॉक्टर मला हातात उंच धरून सांगत होते, की अपघातातल्या माणसाचं पहिल्या तासातलं रक्त पुढचं बरंच काही सांगून जातं. कोणाला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, कोणाला ठेवून घ्यायचं, हे लहान गावातल्या डॉक्टरला त्यावरून ठरवता येईल. एक प्रकल्प होता तो. बोलणं संपलं आणि टाळ्या वाजल्या. मला वाटलं माझ्यासाठी. मग कळलं, जेवण तयार असल्याचं कोणीतरी सांगितलं होतं.

तिथून मी या दवाखान्यात आलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. गावाची बदनामी नको आणि कौतुकही नको. अपघातवाल्यांच्या खोलीत एका पत्र्याच्या टेबलावर मला जागा मिळाली. शेजारी तापमापी, रक्तदाबाचं यंत्र आणि हिमोग्लोबिन मोजणारं यंत्र. खाली जमिनीवर वजनकाटा.

त्या सगळ्यांचा मला हेवा वाटायचा. तापमापीला ताप चढलेला दिसतो, तसा उतरलेलाही दिसतो. वजनकाट्यावर तेच बाळ पुन्हा पुन्हा येतं, दर खेपेला थोडं जड होऊन, थोडं जास्त रडून. हिमोग्लोबिनवालं यंत्र तर गावोगावच्या शिबिरांना जातं, बाया त्याला ओळखतात, त्याच्यावरून एकमेकींची चेष्टा करतात. माझ्याकडे माणूस एकदाच यायचा. रक्तानं, मातीनं माखलेला. मी त्याचा आकडा सांगायचो आणि गाडी त्याला घेऊन गोंदियाला निघून जायची. पुढे तो वाचला की गेला, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. आणि यंत्राला येऊन कोण कशाला सांगेल म्हणा! पण मला जाणून घ्यायचं असायचं. फार असायचं.

एकदा मोहफुलं वेचायला गेलेल्या एका म्हाताऱ्याला अस्वलानं धरलं. बकाराम त्याचं नाव, चिचगडकडचा राहणारा, पण आमच्या गावी मुलीकडे आला होता. अर्धा चेहरा फाटलेला. त्याला बघून दवाखान्यातली जाणती माणसंही मागे सरली. मुलगी ऊर बडवून रडत होती. आणि माझा आकडा आला, दोनच्या जरासा खाली. मी काचेवर तो जितका ठळक दाखवता येईल तितका दाखवला. म्हाताऱ्याचं तोंड फाटलं होतं, जीव शाबूत होता. पण तेव्हाच्या डॉक्टरांनी मला तपासलं, पालथं केलं, टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "हे मशीन काही खरं दिसत नाही." त्यानंतर बरेच महिने माझ्यावर धूळ साचत राहिली.

मला राग त्या डॉक्टरांचा नाही. माणसाचा डोळा रक्ताकडे आधी जातो, आणि कान ओरडण्याकडे. जिथे फार रक्त, फार ओरडा, तिथे फार मोठी जखम, असा साधा हिशेब. बहुतेक वेळा तो बरोबरही येतो. माझी गरज असते ती तो चुकतो तेव्हा.

मग उर्वशी मॅडम आल्या. गोंदिया शहरातच वाढलेल्या, नुकत्याच डॉक्टर झालेल्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायच्या आणि दोन्ही घाईत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उचललं, फुंकर मारली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि रेणू सिस्टरला सांगितलं, "अपघाताचा जो कोणी येईल, त्याचं बोट टोचायचं. चालत आला असला तरी." सिस्टरनं मान डोलावली. मॅडम जखम शिवत असल्या तर सिस्टर आकडा मोठ्यानं ओरडून सांगायची. वर्गात हजेरी घेतात तशी नाव आणि आकडा. ही पद्धत सोयीची होती. त्यातून काय घडेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

रोवणीचे दिवस होते, म्हणजे धानाची रोपं, ज्यांना इकडे पऱ्हे म्हणतात, उपटून चिखलात लावायचे दिवस. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी सुटलं होतं, सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, भरल्या होत्या आणि बाया मिळत नव्हत्या. ज्याला त्याला आजच रोवणी पाहिजे. धनलाल नावाचा एक पोवार शेतकरी आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मजूर बाया बसवून शेताकडे निघाला. त्याची बायको सुखवंताही ट्रॉलीतच होती. घरची शेती असली तरी रोवणीला ती बायांच्या रांगेत उभी राहायची. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठावर मागचं चाक घसरलं आणि ट्रॉली कलंडली.

सकाळी दहाच्या सुमारास त्या सगळ्या आमच्याकडे आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. एकीच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. एकीचं डोकं फुटून लुगडं भिजलं होतं. अनुसयाबाई नावाच्या म्हातारीला खरचटलं होतं फक्त, पण ती इतक्या मोठ्यानं देवाला हाका मारत होती, की बाकीच्यांना आपल्याला जास्त लागलंय असं वाटू लागलं. चिखल, रक्त, रडारड. उर्वशी मॅडम एकीकडून दुसरीकडे धावत होत्या.

खिडकीपाशी कोपऱ्यात एक स्टूल होतं. त्यावर सुखवंता बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर हात. अंगावर धड ओरखडासुद्धा दिसत नव्हता. कोणी जवळ गेलं, की ती म्हणायची, "मले काई नाही झालं जी. पहिले त्या बायाइले पाहा."

तिची लाज मला कळत होती. ट्रॅक्टर तिच्या घरचा. बाया तिच्या शब्दावर आलेल्या. त्या अशा पडलेल्या असताना मालकिणीनं खाट अडवायची म्हणजे काय? धनलालचंही तसंच. तो या बाईचे पाय धर, त्या बाईला पाणी पाज, असा घामाघूम होऊन फिरत होता. बायकोकडे बघायला त्याला उसंत नव्हती.

रेणू सिस्टर मला घेऊन एकेकीकडे गेली. नाव, आकडा. नाव, आकडा. डोकं फुटलेलीचा तीनच्या आत. अनुसयाबाईचा दीड, म्हणजे तब्येत ठणठणीत. शेवटी सिस्टर कोपऱ्यात आली. सुखवंता हात पुढे करेना. "कायले टोचता बाई? फालतूची पट्टी जाईन तुमची." सिस्टरनं तिचा हात ओढूनच घेतला. बोट बर्फासारखं गार होतं. दाबून दाबून एक थेंब आला.

मी तो थेंब चाखला आणि माझ्यावर जे उमटलं ते वाचून मीच हबकलो. आठ पूर्णांक दोन.

"सुखवंताबाई, आठ पॉइंट दोन!" सिस्टर ओरडली. नेमकी तेव्हाच पाय मोडलेली बाई किंचाळली, कारण मॅडम तिचा पाय सरळ करत होत्या. मॅडमना आकडा ऐकूच गेला नाही. "सिस्टर, इकडे या, पाय धरा!" त्यांनी हाक मारली. सिस्टरला वाटलं मॅडमनं आकडा ऐकला; ती मला टेबलावर टाकून पळाली.

आकडा ऐकला तो धनलालनं. आणि त्याचा चेहरा एकदम फुलला!

इथे तुम्हाला आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. इकडे बायांच्या अंगात रक्त कमी असण्याची तक्रार घरोघरी. गावात शिबिरं होतात, बोट टोचतात, हिमोग्लोबिनचा आकडा सांगतात. सात म्हणजे कमी, दहा म्हणजे बरं, बारा म्हणजे झकास. शाळा न पाहिलेल्या बाईलाही आपला आकडा पाठ असतो. बोट टोचून आलेला आकडा म्हणजे अंगातलं रक्त, आणि तो वाढला म्हणजे चांगलं, हे गावानं पक्कं शिकून ठेवलंय. शिकवलंही आपणच.

"आठ?" धनलाल बायकोजवळ येऊन म्हणाला. "मागच्या शिबिरात तं तुहं सातच होतं. लाल गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

"म्हणूनच तं सांगून राहिली, मले काई नाही झालं," सुखवंता म्हणाली. "मले घरी सोडून द्या. पऱ्हे उपटून पडले हायेत, सुकून जातीन. दुसऱ्या बाया पाहा लागन."

तिचा आवाज बारीक झाला होता. ओठ पांढरे पडले होते. पण त्या गर्दीत बायकोचे ओठ कोण बघतं? धनलालनं मुलाला, संजूला, मोटारसायकल फाटकाशी आणायला सांगितलं. सुखवंता स्टुलावरून उठली, भिंतीला हात लावत एक क्षण उभी राहिली, पदर सावरला आणि चालायला लागली.

मी टेबलावर पडून होतो, काचेवर आठ पूर्णांक दोन घेऊन. मला ओरडता येत नाही. कारखान्यात माझ्यात सगळं भरलं, घंटा तेवढी भरली नाही. त्यातून माझी एक खोड अशी, की थोडा वेळ कोणी बटण दाबलं नाही की मी आपोआप मिटतो. काच काळी होते. ती दारातून बाहेर जात होती आणि मी मिटत होतो. इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. सगळ्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, की मरणाच्या सगळ्यात जवळ कोण आहे, आणि ती बाई नीट चालत घरी निघाली होती.

पाय बांधून झाल्यावर उर्वशी मॅडम हात पुसत टेबलाशी आल्या. सवयीनं त्यांनी मला उचललं आणि मागचा आकडा बघायचं बटण दाबलं.

"सिस्टर, हा आठ पॉइंट दोन कोणाचा?"

"त्या कोपऱ्यातल्या बाईचा, मॅडम."

कोपऱ्यात नुसतं स्टूल होतं. "किधर गयी वो?" मॅडमनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मला खिशात टाकून त्या पळत सुटल्या. मागे शालीकराम, आमचा शिपाई. त्या खिशात एक पेन, एक चॉकलेट आणि मी, तिघं एकमेकांवर आपटत होतो.

फाटकाशी संजूनं मोटारसायकल सुरू केली होती. सुखवंता मागे बसायला पाय उचलत होती आणि तो उचलला जात नव्हता.

"थांबा! काका, यांना कुठे नेता?"

"घरी जाऊन राहिलो, मॅडम," धनलाल म्हणाला. "हिले काई लागलं नाही. उलटं रक्त वाढलं हिचं. सिस्टरनंच आठ सांगितलं ना!"

मॅडमना क्षणभर काही उमगेना. मग उमगलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, ते मशीन वेगळं. हे वेगळं आहे. यात आकडा जितका कमी, तितकं चांगलं. वाढला म्हणजे आत काहीतरी फुटलंय."

"कमी चांगला? बोट टोचून कमी चांगला आकडा कोणत्या मशीनीत राहते जी?" धनलाल चिडला होता. चिडण्यामागे भीती होती. चहाच्या टपरीवरचे लोक गोळा होऊ लागले होते, आणि त्यात मजूर बायांचे घरचेही आले होते. "ते तिकडं बायाइचे घरवाले येऊन राहिले. अन् मी माह्या बायकोले गाडीत घालून गोंदियाले नेऊ? तिले साधं खरचटलं बी नाही. लोक काय म्हणतीन?"

"खरं सांगून राहिले ते," सुखवंता म्हणाली. "मले नोको नेऊ बाई. त्या बायाइले न्या."

उर्वशी मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर काढलं, नवी पट्टी घातली आणि म्हणाल्या, "काका, तुमचं बोट द्या."

पट्ट्या महाग, आणि डबा तळाला आलेला. निरोगी माणसावर पट्टी वाया घालवायची नाही असा नियम होता. पण त्यांनी धनलालचं बोट टोचलं. बोट जाडजूड, ऊन. रक्त चटकन आलं. एक पूर्णांक चार.

"माह्यात एवढंच?" धनलाल घाबरला.

"एवढंच पाहिजे. तुम्ही बरे आहात." मग त्यांनी शालीकरामकडून पाण्याची बाटली घेतली, सुखवंताचं बोट धुतलं, आपल्या रुमालानं कोरडं केलं, म्हणजे चिखलाची शंका नको. टोचलं. रक्त येईना. मॅडम मनगटापासून बोटापर्यंत हात चोळत राहिल्या. आला शेवटी थेंब.

नऊ पूर्णांक एक.

मॅडमनं मला धनलालच्या डोळ्यांपुढे धरलं. दोन्ही आकडे त्याच्याच समोर आले होते. त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि मग एक गोष्ट त्याला आपसूक सुचली, जी मॅडमना सुचली नसती.

"म्हणजे धानाच्या ओलाव्यासारखं हाय का हे?" त्यानं हळूच विचारलं. "केंद्रावर मशीन लावतात धानाले. आकडा वर गेला तं माल वापस करतात."

"हो काका! तस्संच. वर गेला तर वाईट. आणि हिचा अजून वर चाललाय. मघाशी आठ होता, आता नऊ."

धान खरेदी केंद्रावरचा तो मीटर माझा लांबचा भाऊच म्हणायचा. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्यानं माझी लाज राखली. धनलालनं मोटारसायकलची किल्ली फिरवून ती बंद केली. मग बायकोकडे पाहिलं, बहुधा सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तुले कुठं दुखते? खरं सांग."

"पोटात नाही दुखत तेवढं," ती म्हणाली. "डावा खांदा दुखून राहिला. ट्रॉलीची फळी लागली कुशीत. पन ते काई..." आणि वाक्य पुरं न करताच ती त्याच्या अंगावर कलली.

पुढचं भराभर झालं. शालीकरामनं स्ट्रेचर आणलं. मॅडमनं तिच्या डाव्या कुशीत हात ठेवला तशी ती कळवळली. "तिल्ली फुटली असणार," मॅडम म्हणाल्या, आणि फोनवर गोंदियाच्या मोठ्या दवाखान्याला रक्त तयार ठेवायला सांगितलं. तिल्ली म्हणजे प्लीहा; ती फुटली की रक्त पोटात साठतं, आणि दुखतो मात्र डावा खांदा. सुईतून पाणी सुरू झालं. गाडी आली. धनलाल दोन पावलं गाडीकडे गेला, दोन पावलं मागे आला. दवाखान्याच्या पायरीवर मजूर बायांच्या घरची माणसं त्याच्याकडेच बघत उभी होती.

"संजू, तू थांब इथं," तो म्हणाला. "बायाइजवळच राहा. कोनी काई बोललं तं आयकून घे. उलटं बोलू नोको." आणि तो गाडीत चढला. दार लागण्याआधी सुखवंताचा आवाज आला, अगदी क्षीण. "पऱ्ह्यावर पानी मारा म्हना कोनी."

गाडी गेली. मी मॅडमच्या खिशात परत आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन वाजला. गोंदियाचा होता, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. पण आमच्या खोलीत नेटवर्क येत नाही. बोलायला सगळे बाहेर, कडुलिंबाखाली जातात. मॅडमही गेल्या. परत आल्या त्या तोंड धुऊनच आल्या. आनंदानं धुतलं की दुःखानं, हे मला कसं कळणार? त्या टेबलाशी आल्या, मला उचललं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसलं एवढंच. सांगितलं काही नाही. मी वाट पाहिली. पुढचा पेशंट आला.

त्यानंतर माझं बरं चाललं होतं काही दिवस. रेणू सिस्टर आता आकडा ओरडत नसे; मॅडमच्या जवळ जाऊन माझी काच त्यांना दाखवत असे. पण प्रकल्पाची मुदत संपली. पट्ट्या येणं थांबलं. मॅडमनं दोन-तीनदा पत्रं लिहिली, मग पुढच्या शिक्षणाला त्यांचा नंबर लागला आणि त्या गेल्या. रेणू सिस्टरची बदली झाली. पट्टीशिवाय मी म्हणजे जिभेशिवाय तोंड. टेबलावरून मी कपाटात गेलो, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या. सेल फुगला, मग मेला. काळोखात माझ्यापाशी विचार करायला एकच गोष्ट होती. तिचं काय झालं असेल?

मेलीच असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो. नऊ पूर्णांक एक काही लहान आकडा नाही. मीच तो सांगितलेला.

परवा नव्या आलेल्या शामकला सिस्टरनं कपाट आवरायला काढलं. जुन्या वस्तू तिनं बाहेरच्या बाकावर मांडून ठेवल्या. तुटकी कात्री, मुदत संपलेली मलमं, मी. किती दिवसांनी ऊन लागलं अंगाला. धान कापणीचा हंगाम चालू होता, हे वाऱ्यावर येणाऱ्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या वासावरून कळलं.

एवढ्यात दोन बाया आल्या. एकीच्या पायाला विळा लागला होता, ती लंगडत होती. दुसरी तिला खांद्याचा आधार देऊन आणत होती. जखमेला पट्टी करायला लंगडणारी आत गेली. दुसरी बाकावर टेकली, माझ्या अगदी शेजारी.

"सिस्टर," ती आत बघून म्हणाली, "नीट पाहा जी तिले. मले काई नाही झालं म्हनन ते. आयकू नोका. मी बी असंच म्हटलं होतं."

शामकला सिस्टर हसली. "तुम्हाला काय झालं होतं?"

"तिल्ली फुटली होती माही. काढून टाकली गोंदियाले. हे पाहा ना." आणि तिनं कुशीवरचा व्रण पदराआडून जरासा दाखवला. "मरतच होती म्हनते घरचे. पन मॅडमनं रस्त्यातून वापस आनलं."

सुखवंता! थोडी वाळलेली, केस जास्त पांढरे झालेले, पण सुखवंताच. बाकावर बसून पाय हलवत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती जिवंत आहे, कापणीला जाते, मजूर बाईला दवाखान्यात घेऊन येते, हे सगळं मला पहिल्यांदा, एकदम, कळलं. इतक्या माणसांचं रक्त मी चाखलं, पण एकाचाही शेवट मला ठाऊक नव्हता. हा कळला. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो, हे उघडच सांगतो.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं मला उचललं, इकडून तिकडून पाहिलं. तिची बोटं कामानं खरबरीत झालेली आणि ऊन होती, चांगली ऊन. तिनं माझ्या काळ्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"सिस्टर, कोनाचा तं मोबाइल राहिला जी इथं."

"मोबाइल नाही हो ते. जुनी मशीन आहे कसली तरी. ठेवा तिथंच, भंगारात द्यायची आहे."

"हो का," म्हणाली ती, आणि मला हळूच, जपून, जिथे होतो तिथे ठेवलं. मैत्रीण बाहेर आली. दोघी गेल्या. मी तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकला. ती कोणाला तरी चहा नको म्हणून सांगत होती, बांधीत बाया थांबल्या असतील म्हणून.

वाईट वाटलं का? वाटलं. एवढ्या जवळ येऊन ओळखलं नाही. पण कोणत्या तोंडानं तक्रार करू? तिनं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं. तेव्हा तिचे डोळे मिटत होते. आणि रस्त्यातून तिला परत आणलं ते मॅडमनं, आणि किल्ली बंद केली ती धनलालनं. मी आपला आकडा सांगितला.

आता मी खोक्यात आहे. उद्या-परवा भंगारवाला येईल. मला नवी पट्टी द्या, नवा सेल घाला, असं मी म्हणत नाही; तुमच्या दवाखान्यात माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला पट्टीवाचून ठेवू नका, एवढं म्हणतो. आणि नसला, तर एक करा.

कुठे गाडी उलटली, कोणी झाडावरून पडलं, की जो ओरडतोय त्याच्याकडे धावत जाल. जायलाच पाहिजे. पण जाता जाता कोपऱ्यात बघा. तिथे कोणीतरी अंग आवरून बसलेलं असेल आणि मला काही झालं नाही म्हणत असेल. तिचं ऐकू नका. तिचा हात हातात घ्या. माझ्या आधीपासून लोकांकडे एवढं तर होतंच. तो हात गार लागला, तर सोडू नका.